अठ्ठावीस दिवसांपूर्वी काय खाल्लं होतं?

साखर पेठेत पहिल्याच घरी मी हे विचारलं
तेव्हा राजेशम दुस्सा पिवळ्या डोळ्यांनी बघत म्हणाला,
"मॅडम, कालचं विचारा की.
काल नुसती पेज."

कावीळ उशिरा बोलते.
महिनाभर आत गप्प बसून राहते,
मग एका सकाळी डोळ्यांत, नखांत, लघवीत
हळद सांडते.
तोवर मांडव सुटलेला असतो,
उष्टं कुत्र्यांनी खाल्लेलं,
आचारी बार्शीला दुसऱ्या लग्नात.

शहरानं गुन्हेगार आधीच ठरवला होता.
गुरुसिद्ध म्हमाणेचा पाणीपुरीचा गाडा
महापालिकेच्या आवारात साखळीनं बांधलेला,
चिंचेचं पाणी गटारात ओतताना
कुणीतरी व्हिडिओही काढलेला.
माझ्या यादीतले एकोणीस जण
त्याच्या गाड्यावर कधीच गेले नव्हते.
पण यादीचा व्हिडिओ निघत नाही.

पाणी तपासलं. चार दिवसांआड येणारं,
पिंपात साठवलेलं, सात घरांचं.
निर्दोष निघालं. मला थोडं वाईटच वाटलं,
पाणी सापडलं असतं तर सोपं होतं.

मग उरलं अक्कलकोट रोडवरचं ते रिसेप्शन.
आजारी पडलेल्यांना विचारलं,
न पडलेल्यांनाही.
हे लोकांना पटत नाही.
"मला काय झालंय? माझं नाव कशाला लिहिता?"
शांतव्वा काकू दारातच अडवून उभ्या.
"तुम्हाला काही झालं नाही, म्हणूनच."
त्यांना पूर्ण जेवण आठवत होतं:
शेंगापोळी दोन, मसालेभात, वर ताक.
"आणि ती निळी फळं, आईस्क्रीमवर पेरलेली?"
"एक उचललं. ना जांभूळ, ना करवंद.
ठेवलं परत."

मी रकान्यात 'नाही' लिहिलं
आणि हात थोडा थांबला.
तेवीस आजारी. त्यातल्या एकवीस जणांपुढे 'होय'.

फळं ताजी होती, विमानानं आलेली,
मुलीच्या मामानं हौसेनं मागवलेली.
इथलं डाळिंब बाहेर निघतं तेव्हा
प्रत्येक पेटीमागे कागदांची चळत असते.
या फळांचा कागद कुणी मागितलाच नव्हता.
खोकी भंगारात. व्यापाऱ्याचा फोन बंद.

सापडलं ते सत्तम्मा येमूलच्या घरी.
हॉलवर भांडी घासायला गेली होती,
येताना झाकणाच्या तीन पारदर्शक डब्या घेऊन आली.
एकीत बिडी बांधायचा दोरा, एकीत कात्री,
तिसरीत नातीच्या टिकल्या.
दोनदा धुतलेल्या, लख्ख.
विषाणू कसला मिळतोय त्यात!
पण तळाशी अर्धं लेबल चिकटून होतं:
लॉट नंबरचे पाच आकडे,
सहावा तिच्या घासणीनं नेलेला.

पाच आकडे पुरले.

गाडा सुटला. चाकं गंजली होती.
गुरुसिद्धनं पहिल्या संध्याकाळी गाडा लावला,
कुणी जवळ येईना.
मी सरकारी ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून
एक प्लेट खाल्ली, मग दुसरी.
तिखट फार होतं. डोळ्यांत पाणी आलं,
ते त्यानं वेगळंच समजून घेतलं.

अहवालात शेवटचा रकाना: उगम.
मी देशाचं नाव लिहिलं.
पण देश फळं तोडत नाही.
कुठल्यातरी उतारावर कुणाचातरी हात तोडतो,
अंग मोडून आलेलं असताना,
सुट्टी घेतली तर रोज बुडेल म्हणून.
त्याला विचारायचं होतं:
शेतात आडोसा आहे का? साबण?
पाणी किती दिवसांआड येतं?
असे रकाने फॉर्मवर नाहीत.

परवा ऑफिसच्या दारात सत्तम्मा उभी.
पावती घडी घालून कनवटीला जपलेली.
"मॅडम, तीन नेल्या होत्या.
दोरा सगळा गुंतलाय माझा.
डब्या कधी मिळणार?"